अवकाळीत गावाकडच्या लग्नाची फोटोग्राफी: दुपारी तीननंतर काय करता?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. तुळशीच्या लग्नापासून आपल्याकडं लग्नं सुरू होतात, पण खरी गर्दी एप्रिल-मेची. ज्वारी, हरभरा घरात आलेला असतो, लेकरांच्या परीक्षा संपलेल्या असतात, रान मोकळं असतं. दारात नाहीतर वावरात मंडप पडतो. आणि नेमका हाच काळ वळवाचा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. २०२५ला तर मेचा उत्तरार्ध पावसातच गेला आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. त्यामुळं उन्हाळ्यातली तारीख आहे म्हणून निर्धास्त राहावं, असे दिवस आता राहिले नाहीत.

मला या धाग्यात एकच गोष्ट जोर देऊन मांडायची आहे. वळवाला वेळ असते. सकाळी आभाळ निरभ्र, दहापर्यंत उकाडा, दीड-दोनला पश्चिमेकडं नाहीतर दक्षिणेकडं ढगांचे डोंगर उभे राहायला लागतात आणि तीन ते सातमध्ये कधीतरी वारं सुटतं. दर वेळी असंच होतं असं नाही, पण जमीन तापल्यावरच हे ढग चढतात, म्हणून दुपार उलटल्यावर धोका जास्त. आपण मात्र कामाची आखणी बरोबर उलटी करतो. सकाळी हळद, देवक, रुखवत, सजावट यांचे निवांत शॉट, आणि घरच्या माणसांचे फोटो 'जेवणं झाल्यावर घेऊ' म्हणून चार वाजेपर्यंत ढकलतो. वारं सुटलं की पहिल्यांदा हेच फोटो जातात. पाहुणे गाड्या काढतात, म्हातारी माणसं घरात जातात, नवरीच्या पाठवणीची घाई होते. रुखवताचा फोटो अल्बममध्ये नसला तर कुणी विचारणार नाही. आजीसोबतचा नसला तर घर वर्षानुवर्षं विचारत राहील.

म्हणून मी इसार घेतानाच सांगतो: घरच्या माणसांचे फोटो सकाळी साडेनऊच्या आत. ऊन तिरपं असतं, मंडपात गर्दी नसते, साड्या-फेटे ताजे असतात. तुम्ही लोक काय करता ते लिहा.

रानवारा

जालन्याकडचा आहे, या धंद्यात नवीन. दादा, सकाळी घरच्यांचे फोटो घ्यायचे म्हणता, पण आमच्या भागात नवरा-नवरी अंतरपाटाआधी एकमेकांसमोर येत नाहीत. वऱ्हाडच अकराला पोचतं. मग जोडीसोबतचे फोटो सकाळी कसे होणार?

मांजराकाठ

@रानवारा, जोडीसोबतचे नाही. नवरीकडचे नवरीसोबत, तिच्याच दारात. नवरदेवाकडचे वऱ्हाड निघण्याआधी नवरदेवाच्या गावात, त्यासाठी दुसरा माणूस तिकडं पाठवायचा. दुसरा माणूस परवडत नसेल तर जानोशाच्या घरी, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथं, उतरल्या उतरल्या, परण्या (नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक) निघण्याआधी. परण्या एकदा मारुतीकडं निघाला की हलगी आणि डीजेपुढं कुणी आपलं ऐकत नाही. जोडीसोबतचे तेवढे मुहूर्तानंतर लगेच स्टेजवर, पंगतीला बसण्याआधी. आधी आजी-आजोबा, मग मामा, मग आई-वडील. मित्रमंडळी शेवटी, ती पावसातसुद्धा थांबतात.

कुणाकुणाचे फोटो घ्यायचे ती यादी माझ्याकडं नको, घरातल्या एका जाणत्या माणसाकडं द्यायची. आत्या किंवा थोरली वहिनी असेल तर उत्तम. कोण रुसलंय, कोणाला आधी बोलवायचं, हे तिलाच ठाऊक असतं.

पूर्णेचा_पाहुणा

मांजराकाठ यांनी वेळेचं लिहिलं ते बरोबर. मी उजेडाचं लिहितो, कारण पाऊस आला नाही तरी आपलं ऊन काम अवघड करतंच.

आपल्याकडं दुपारचा मुहूर्त बहुधा बारा-पंचवीस, साडेबारा, बारा-पस्तीस असा असतो. मराठवाड्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो घड्याळात बारा-पंधरा ते बारा-पंचवीसच्या दरम्यान, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण ७५ ते ७८ च्या पट्ट्यात. शून्य सावलीचे दिवसही याच महिन्यातले: धाराशिव-लातूरकडं १३ मेच्या आसपास, परभणी-नांदेडकडं १६-१७, संभाजीनगर-जालन्याकडं १९-२०. म्हणजे ऐन अंतरपाटाच्या वेळी उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळं पडणार. फेटा किंवा बाशिंग असेल तर निम्मा चेहरा अंधारात.

कापडी मंडपात दुसरी अडचण. लाल-पिवळ्या कापडातून उजेड गाळून येतो आणि सगळ्यांचे चेहरे शेंदरी होतात. त्यात हळदीचं अंग. पडद्यावर नुसता एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघू नका, लाल रंगाचा वेगळा बघा. तो उजवीकडं आदळत असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड थोडा कमी करा, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल) काढा. जेपीजीत लाल रंग एकदा फुटला की शालूवरचं जरीकाम परत येत नाही. समोरून फ्लॅश थोडा जोरात दिला की कातडीचा रंग जागेवर येतो, मागचं कापड लाल राहिलं तरी चालतं. ते तसंच दिसलं पाहिजे, मंडप लालच होता.

उघड्यावर फ्लॅशचं गणित वेगळं. भर उन्हात आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० आणि लेन्स एफ २.८ इतकी मोठी उघडी ठेवली तर शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातं. साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० पर्यंतच साथ देतो. हाय स्पीड सिंक (जलद शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) चालू केलं की फ्लॅशची ताकद पार उतरते आणि बॅटऱ्या भराभर संपतात. त्यापेक्षा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, नाहीतर सरळ एफ ११ वर जा आणि मोठा फ्लॅश वापरा. मंगलाष्टकात मागचा पडदा धूसर करायची काही गरज नाही. मागं कोण कोण उभं होतं हे दहा वर्षांनी लोक त्याच फोटोत शोधतात.

मंडपवाले_काका

बीडकडून लिहितोय. मी फोटोवाला नाही, माझं मंडप डेकोरेशनचं काम आहे. पोरगा हा धागा वाचायला होता, मला म्हणाला तुम्हीपण लिहा. म्हणून चार गोष्टी सांगतो.

वारं सुटायलंय असं दिसलं की आम्ही आधी बाजूच्या कनाती सोडतो. वारं आरपार गेलं पाहिजे, आत कोंडलं की मंडप उचलतंय. त्या वेळी फोटोवाली पोरं 'काका, मागचा पडदा राहू द्या, बॅकग्राउंड जायलंय' म्हणतात. तसं म्हणू नका. तो पडदा राहिला तर पाइपासकट येईल अंगावर.

दुसरं, पाऊस पडला की कापडाला पोट येतं. पाणी साचून साचून कापड खाली लोंबतं. आमची पोरं वेळूनं खालून ढोसून पाणी एका कडंला काढतात. त्या पोटाखाली कुणी उभं राहायचं नाही. एका पोटात किती पाणी असतं याचा बघणाऱ्याला अंदाज येत नाही. ते फाटलं तर खालचा माणूस, कॅमेरा, दोन्ही गेलं. पत्र्याच्या मंडपाला हे होत नाही पण त्याचा आवाज एवढा, की गारा लागल्यावर भटजींचं एक अक्षर ऐकू येत नाही. व्हिडिओवाल्यानं माइकचा विचार करावा.

तिसरं लई महत्त्वाचं. लोखंडी पाइप, ओली जमीन आणि तुमच्या लाइटच्या वायरी. जोड कुठंतरी गवतात पडलेला असतो, त्यावर नुसती चिकटपट्टी. पाइपात करंट उतरला की कळतसुद्धा नाही. तुमचा बोर्ड जमिनीपासून वर बांधा, आमच्या माणसाला सांगा, तो बांधून देईल. जनरेटरला अर्थिंग आहे का विचारत जा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

आणि आदल्या दिवशी मंडप उभा राहताना एकदा येऊन जात जा. स्टेजचं तोंड कुठं करायचं हे तेव्हाच ठरतंय. बहुतेक फोटोवाले लग्नाच्या दिवशी येतात आणि मग म्हणतात सूर्य समोरून यायलाय.

मांजराकाठ

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. स्टेजच्या तोंडाचं तर प्रत्येकानं वाचावं. गोरज मुहूर्त असेल तर स्टेजची पाठ पश्चिमेला नको, पाहुण्यांच्या आणि आपल्या डोळ्यांत सूर्य जातो. आणि वळवाचं वारं ज्या अंगानं येतं ती बाजू गावातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावी. प्रत्येक गावाचं डोंगर-ओढ्याप्रमाणं थोडं वेगळं असतं.

तेरणा_ताई

मी धाराशिव जिल्ह्यात लग्नं करते, बहुतेक नवरीकडच्या बाजूनं. इथं सगळे मुहूर्ताचं आणि स्टेजचं बोलताहेत. माझा अनुभव असा की पावसाच्या दिवशी सगळ्यात चांगले फोटो घरात मिळतात आणि तिथं पुरुष फोटोग्राफर पोचतच नाही.

माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर आत अंधार असतो, पण मधल्या चौकातून किंवा छताच्या सवण्यातून (उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून) एक उजेडाची पट्टी पडते. ढगाळ दिवशी ती पट्टी मऊ होते. नवरीला त्या पट्टीच्या काठावर बसवायचं, तोंड उजेडाकडं, आणि बाकी काही लावायचं नाही. मागच्या मातीच्या भिंती काळोखात जातात, मुंडावळ्यांचे मोती तेवढे उजळतात. एलईडी लाइट घेऊन आत गेलात की तो उजेडही जातो आणि बायकाही गप्प होतात. हळदीच्या वेळी जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून काही गावांत आहेत. त्यांच्यासमोर कॅमेरा नुसता मांडीवर ठेवून आधी ऐकत बसावं. मग त्या स्वतःच म्हणतात, काढ गं बाई.

सामानाचं म्हणाल तर एवढंच. ३५ची लेन्स, एफ १.८. आयएसओ ३२०० ते ६४०० वर जाताना घाबरायचं नाही. पाऊस सुरू झाला की सगळे पाहुणे स्टेजवर किंवा ओसरीत दाटीवाटीनं येतात, तिथं ७०-२०० ही लांबून काढायची लेन्स काढून उपयोग नसतो, मागं सरायला जागाच नसते. २४-७० किंवा रुंद लेन्स आधीच लावून ठेवावी. पावसात आणि धुळीत लेन्स बदलत बसणं म्हणजे सेन्सरवर चिखल घेणं.

मन्याड

नांदेडकडून. व्हिडिओ आणि ड्रोन बघतो.

उन्हाचा मुद्दा पुढं नेतो. बहुतेक कंपन्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ० ते ४० अंश देतात. आपल्याकडं मेमध्ये सावलीतच ४१-४२ असतं. त्यात काळा कॅमेरा उन्हात ट्रायपॉडवर, ४के चालू. तो बंद पडणार हे धरूनच चालायचं. पांढरं उपरणं कॅमेऱ्यावर टाकतो, ओलं नाही, कोरडं. दोन बॉडी आलटून पालटून. बॅटऱ्या आणि कार्ड गाडीत ठेवत नाही; बंद गाडी भट्टीपेक्षा वाईट तापते. घरातल्या माठाजवळ जागा मागून घेतो, बॅग जमिनीला न टेकवता बाजेवर.

ड्रोनबद्दल. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं हिरव्या पट्ट्यात (जिथं वेगळी परवानगी लागत नाही त्या हद्दीत) ४०० फुटांपर्यंतच उडवायचं, आणि नांदेड, लातूर, संभाजीनगरला विमानतळ आहेत, त्यांच्या आसपासच्या गावांत नकाशा बघितल्याशिवाय उडवू नये. माणसांच्या डोक्यावरून तर नकोच. वळवाच्या दिवशी माझा नियम साधा आहे: ढग काळा दिसला आणि गार वाऱ्याची पहिली झुळूक आली की ड्रोन खाली. ती गार झुळूक म्हणजे ढगातून खाली आदळलेली हवा असते, तिच्यामागं पाच-दहा मिनिटांत खरं वारं येतं. जमिनीवर शांत वाटतं तेव्हा दोनशे फुटांवर ड्रोन परत यायला तयार नसतो. मंडपाचा किंवा पंगतीचा उंचावरून शॉट हवा असेल तर मंडपाचा सकाळी घ्या, पंगतीचा पहिल्याच बैठकीत, बाजूला राहून घ्या.

उजेड मऊ करायची छत्री लावलेला फ्लॅश वाऱ्यात म्हणजे पतंगच. स्टँडच्या पायाला मातीनं भरलेलं पोतं बांधतो आणि वारं वाढलं की छत्री काढून उघडा फ्लॅश वापरतो. सोबत पोरगं असेल तर स्टँड नकोच, काठीला बांधून त्याच्या हातात द्यायचा.

रानवारा

हवामानाचा अंदाज कुठला बघता? मोबाईलमधलं साधं ॲप नुसता ढग आणि टक्के दाखवतं, त्यावरून काही ठरवता येत नाही.

पूर्णेचा_पाहुणा

@रानवारा, तीन टप्प्यांत बघतो. चार-पाच दिवस आधी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला. तो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, शेतकऱ्यांसाठी असला तरी पाऊस, वारं, तापमान, सगळं जिल्हावार असतं. आदल्या दिवशी हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचा जिल्हावार इशारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. त्यासोबतचं वाक्य वाचा: वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर म्हटलंय की ५० ते ६०. मंडपाच्या दृष्टीनं या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. आणि प्रत्यक्ष दिवशी तीन तासांचा तात्काळ इशारा आणि विजेसाठी दामिनी ॲप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं ते बनवलंय, आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर कळवतं.

विजेबद्दल मात्र हात जोडून सांगतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्यावरचं काम बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बंदच. मंडप हा आसरा नाही. झाड तर नाहीच, मग ते कितीही मोठं वड-लिंबाचं असो. शाळा, पक्कं घर, देवळाचा भिंतींनी बंद असलेला पक्का सभामंडप किंवा काचा बंद केलेली गाडी. आपल्याकडं दरवर्षी वीज पडून माणसं-जनावरं जातात. नवरा-नवरीला वावरात उभं करून 'विजेसोबत एक शॉट' मागणारी पोरं मी पाहिली आहेत. जोडी आपल्या शब्दावर तिथं उभी राहते. त्या शब्दाची जबाबदारी आपली.

नवरीची_बहीण

मी फोटोग्राफर नाही, पण माझ्या बहिणीचं लग्न हिंगोली जिल्ह्यात आमच्या दारात झालं आणि मंगलाष्टकांच्या आधी जोराचा पाऊस आला. लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत भटजींनी थांबायचं नाकारलं, मुहूर्त टळत होता. आमच्या फोटोवाल्या दादांनी आत ओसरीत जागा करायला सांगितलं, चुलत्यांना दोन बॅटऱ्या छताकडं धरायला लावल्या आणि त्या उजेडात अंतरपाट धरला. कुणाच्या अंगावर अक्षता पोचल्या, कुणाच्या नाहीत. ज्वारीच्या रंगवलेल्या अक्षता ओल्या झाल्यामुळं आईच्या पांढऱ्या केसांना लाल-हिरवा रंग लागला होता, तो फोटोत स्पष्ट दिसतो. मामानं बहिणीला धरलंय आणि स्वतःचा खांदा पागोळीखाली भिजू दिलाय.

वडिलांनी दोन महिने स्टेजच्या फुलांची चौकशी केली होती. अल्बममध्ये स्टेजचा एकच फोटो आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून फोटोग्राफर मंडळींना सांगावंसं वाटतं: पाऊस आला की तुम्ही आधी आपलं सामान झाकता, ते झाकाच, पण एका कॅमेऱ्यानं काढत राहा. त्या दहा मिनिटांत घरातली माणसं जशी दिसतात तशी नंतर दिसत नाहीत.

तेरणा_ताई

हे वाचून डोळे भरून आले. छताकडं बॅटरी धरायची युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. थेट तोंडावर बॅटरी मारली तर चेहरा पांढराफटक आणि मागं काळोख. चुना लावलेल्या छतावर मारली की अख्खी ओसरी सारखी उजळते. छत काळं किंवा पत्र्याचं असेल तर पांढरी चादर दोघांना धरायला लावायची.

मन्याड

झाकण्याबद्दल. 'वेदर सील्ड' लिहिलंय म्हणून कॅमेरा पावसात चालतो असं समजू नका. सील बॉडीला आणि लेन्सला दोन्हीकडं लागतं, आणि वर फ्लॅश बसवला की ती जागा सगळ्यात कच्ची. तिथूनच पाणी आत जातं. जाड पारदर्शक पिशवी, लेन्सच्या हुडाला रबर, मागं हात घालायला मोकळी. एवढ्यानं काम भागतं. भिजलाच तर लगेच बंद, बॅटरी-कार्ड बाहेर, सुती फडक्यानं टिपून पंख्याखाली. चालू करून बघायचा मोह त्या दिवशी आवरायचा. तांदळात ठेवू नका, भुकटी बटणांत जाते. कार्डाचे दोन खाचे असतील तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद चालू ठेवा, लग्नात हे ऐच्छिक नाही.

पावसाच्या थेंबांसकट फोटो हवा असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवू नका, जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन चेहऱ्यावर येतात. फ्लॅश जोडीच्या मागं तिरका ठेवला की थेंब रेघांसारखे उजळतात. वीज नाही याची खात्री करूनच हे करायचं.

मंडपवाले_काका

गाडीचं कुणी लिहिलं नाही. वावरात मंडप असला तर गाडी डांबरी सडकंला नाहीतर मुरमावर लावा, थोडं चालावं लागलं तरी. काळ्या रानात पाऊण तास पाऊस झाला की चाक निम्मं रुततंय आणि ट्रॅक्टर आल्याशिवाय निघत नाही. लग्नाच्या दिवशी ट्रॅक्टर वऱ्हाडात असतंय.

रानवारा

काका, हे लिहून ठेवलं. शेवटचा प्रश्न, पैशांचा. पावसामुळं अर्धे कार्यक्रम झालेच नाहीत तर लोक म्हणतात पैसे कमी करा. काय बोलायचं?

मांजराकाठ

आधीच लिहून घ्यायचं. एका पानावर मराठीत, घरच्या कर्त्या माणसासमोर वाचून. पाऊस आला तर काम थांबणार नाही, जागा बदलेल. वीज असेल तेवढा वेळ उघड्यावर काढणार नाही. तारीखच पुढं गेली आणि मी त्या दिवशी मोकळा असेन तर इसार तसाच पुढं धरणार. मोकळा नसेन तर परत. जोडीचे निवांत फोटो राहिले तर पाचपरतावणीला किंवा सत्यनारायणाच्या पूजेला येऊन एक तास देणार, वेगळे पैसे नाहीत. या शेवटच्या कलमानं निम्मे वाद होतच नाहीत. गारपिटीत ज्याची द्राक्षं किंवा आंबा गेलाय त्याच्या दारात आपण ठरलेल्या आकड्यासाठी अडून बसू नये, हे माझं मत. त्याला मुदत द्या. पण काम कमी केलं म्हणून नव्हे, त्याची अडचण म्हणून. हा फरक त्यालाही बोलून दाखवा, नाहीतर पुढच्या लग्नात पावसाला सूट असते असं गावात पसरतं.

आणि पाऊस थांबल्यावर सामान बांधू नका. धूळ बसलेली असते, ढगाखालून पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं, वीस-पंचवीस मिनिटं असा उजेड मिळतो जो मेमध्ये एरवी मिळत नाही. गडगडाट थांबून अर्धा तास झाला असेल तर आजीची खुर्ची अंगणात आणायला सांगा, जोडी शेजारी उभी करा. @रानवारा, तुझी पुढची ऑर्डर कधी आहे ते कळव, तुझ्या गावाच्या बाजूचा मंडप आदल्या दिवशी बघायचा असेल तर मी फोनवर सोबत राहतो.